पस्तीस वर्षं खात्याची, आता संघटनेची. मग घराची कधी?

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं : त्यांचे यजमान शहर पोलीस दलातून ग्रेड पीएसआय (श्रेणी पोलीस उपनिरीक्षक) म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरी ३५ वर्षांची. मुलगा पुण्यात, मुलगी लातूरला दिलेली. जुळे सोलापुरातल्या घरात आता दोघंच. वर्षभरातच यजमान निवृत्त पोलिसांच्या संघटनेचे सचिव झाले. सकाळी साडेदहाला पिशवी घेऊन बाहेर पडतात, तीनच्या पुढे घरी येतात आणि फोन पहाटे सहापासून सुरू होतो. गाणगापूरला जायचं तीनदा ठरलं, तीनदा मोडलं. एका सहकाऱ्याच्या दवाखान्यासाठी घरातले १५ हजार रुपये न विचारता दिले गेले. बीपीची गोळी चुकते. ताई विचारतात : "खात्याला सगळं आयुष्य दिलं, आता संघटनेला. चहा, सत्कार आणि राजकारण यापलीकडे तिथं होतं काय? ते म्हणतात, तिथं मला अजून साहेब म्हणतात. त्यांनी राजीनामा द्यावा म्हणून मी हट्ट धरू का?"

ताई,

तुमचा राग रास्त आहे. तो मान्य करूनच पुढचं लिहिते.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेबद्दल तुम्ही लिहिलंय, ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याशी सगळं सोलापूर लोटतं, नंदीध्वज येतात, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, 'बोला हर्र'चा गजर होतो. तुमचे यजमान मात्र दरवर्षी दोर धरून, कट्ट्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभे. तुम्ही दोन पोरांचे हात धरून लांबून त्यांची टोपी शोधायचात. ३५ वर्षांत दोघांनी शेजारी उभं राहून एकदाही अक्षता टाकल्या नाहीत. आषाढीला ते पंढरपुरात, गणपतीत मिरवणुकीच्या पुढं, दिवाळीत कुठल्यातरी पॉइंटवर. आता तुम्ही त्यांचा वेळ मागताय, तर त्याला कुणी हट्ट म्हणू नये. ती थकबाकी आहे.

तरीही राजीनाम्याचं आत्ताच काढू नका, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

"चहा, सत्कार आणि राजकारण" हे तुमचे शब्द. काही ठिकाणी खरोखर तेवढंच चालतं, हे मी नाकारणार नाही. पण पोलिसाच्या आयुष्यात संघटना या शब्दाला वेगळं वजन आहे. शिक्षकाची संघटना असते, एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची असते, तहसीलमधल्या कारकुनाची असते. महाराष्ट्रात पोलिसाची नसते. १९६६च्या केंद्रीय कायद्यानं पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधनं आहेत. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले तेव्हा सरकारनं पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. तुमचे यजमान भरती झाले ते त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे सगळ्या नोकरीत त्यांनी विडी कामगारांच्या, यंत्रमाग कामगारांच्या, अंगणवाडी सेविकांच्या मोर्चांना बंदोबस्त दिला. स्वतःची तक्रार मात्र ऑर्डर्ली रूममध्ये, म्हणजे वरिष्ठांपुढे हजर होऊन, सावधान उभं राहून, एकट्यानं मांडली. दहा जणांनी एकत्र बसून 'हे आमचं म्हणणं' असं लिहून देण्याचा हक्क त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला तो ५८व्या वर्षी. तो असा सहज सोडवेल का?

तिथं चालतं काय, तर बरंचसं काम कागदांचं असतं. निवृत्तीच्या तोंडावर वेतनपडताळणी होते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखादी वेतनवाढ चुकून जास्त लागली होती असं निघतं. मग वसुलीचा आकडा समोर येतो आणि माणसाला रात्रभर झोप लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलंय की, कर्मचाऱ्याची चूक नसताना जास्त दिलेला पगार गट 'क' आणि 'ड'च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्तांकडून वसूल करू नये. जास्तीची रक्कम परत करीन असं हमीपत्र आपण आधी लिहून दिलं असेल तर गुंता वाढतो. हे एका हवालदाराला कोण सांगणार? कुणाची विभागीय चौकशी निवृत्तीच्या दिवशीही संपलेली नसते. अशाला तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, पण उपदान (ग्रॅच्युइटी) अडकून बसतं आणि मुलीचं लग्न त्याच पैशावर ठरलेलं असतं. अंशराशीकरणात, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, विकलेला पेन्शनचा भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. तो खरोखर त्या महिन्यापासून झाला का, हे ७३ वर्षांच्या माणसाच्या वतीनं कुणीतरी पाहावं लागतं.

आणि साक्षी. निवृत्त पोलिसाच्या घरातली माणसं सोडली तर ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. बारा वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा खटला आज उभा राहतो, समन्स निघतं आणि गुडघे दुखणारा माजी तपास अंमलदार लाल डब्यानं बार्शीच्या नाहीतर माळशिरसच्या कोर्टात जातो. तेव्हाचा पंचनामा आठवायचा, केस डायरी पुन्हा वाचायला मागायची, प्रवासभत्त्याचा अर्ज द्यायचा. सोबत कुणी जुना सहकारी असला की तोच दिवस सोपा जातो. तुमच्या यजमानांच्या पिशवीत असे किती जणांचे कागद आहेत, एकदा बघा तरी.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, पण माझं सगळं उत्तर तिच्यापाशी अडलंय. "त्यांचे बॅचचे एक मित्र निवृत्तीनंतर आठ महिन्यांत गेले, तेव्हापासून हे जास्तच त्या संघटनेत." ताई, त्या मित्राच्या बायकोचे पेन्शनचे कागद कुणी केले? उत्तर मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. नसेल तर त्यांना विचारा.

मी हे विचारते त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत एक काकू राहायच्या, हवालदाराच्या पत्नी. काका गेले तेव्हा काकूंना एटीएमचा पिनसुद्धा माहीत नव्हता. सेवापुस्तकात त्यांचं नाव रुक्मिणी, आधारवर रुखमाबाई, बँकेत आणखी तिसरंच. काका गेल्याचं बँकेला वेळेवर कळवलं नाही. दोन महिन्यांची पेन्शन खात्यात पडली, मुलानं ती काढली आणि पुढं ती वळती झाली. तीन महिने त्या एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेल्या. मग संघटनेचे एक निवृत्त जमादार आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, खिशाला दोन पेनं आणि एक लांबडी वही. त्या वहीत ते सगळं स्टेशन डायरीसारखं लिहायचे. मी स्वतः पाहिलंय : "११.१० वाजता कोषागारात पोहोचलो. संबंधित लिपिक जागेवर नाहीत. ११.५५ वाजता आले. नावातील तफावतीबाबत प्रतिज्ञापत्र जोडण्यास सांगितले." आयुष्यभर ठाणे अंमलदारी केलेल्या माणसाचा हात तो. सहा आठवड्यांत काकूंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. काकूंनी त्यांना शेंगाचटणीची बरणी दिली. ती त्यांनी घेतली आणि बसभाड्याचे पैसे घेतले नाहीत.

निवृत्त पोलिसांच्या संघटनेचं सगळ्यात मोठं काम सभासद गेल्यानंतर सुरू होतं, असं मी तेव्हापासून मानते. हार, शाल, नारळ, फलक हे नंतरचं. तुम्ही संघटनेकडं सवतीसारखं बघताय, पण उद्या काही झालं, देव न करो, तर त्या संघटनेचा खरा उपयोग होणार तो तुम्हाला. तुमचे यजमान मित्र गेल्यावर जे धावत सुटले, त्यात हा हिशोब कुठेतरी असावा असं मला वाटतं. हे अनुमान आहे. चुकीचं असेल तर सोडून द्या.

म्हणूनच त्यांना माझा एक प्रश्न आहे, आणि तो तुम्ही त्यांना वाचून दाखवा. साहेब, तुम्ही इतक्या जणींचे कागद मार्गी लावलेत. स्वतःच्या बायकोला तुम्ही तुमचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दाखवलाय का?

ताई, येत्या सोमवारी जेवणं झाली की ही एक गोष्ट करा. त्यांना म्हणा, फाईल काढा आणि मला समजावून सांगा. तुमचं नाव पीपीओत, आधारवर, पॅनवर आणि पासबुकात अक्षर न अक्षर सारखं आहे का पाहा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या, कारण सही करणारा माणूस समोर असताना हे काम निम्मं सोपं असतं. पीपीओची एक प्रत निवृत्ताजवळ आणि एक कोषागाराकडे असते. घरातली कुठल्या कपाटात आहे, हे तुम्हाला अंधारातही सापडलं पाहिजे. कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षं वाढीव दरानं आणि नंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं, त्यावर महागाई भत्ता. यजमानांनी विकलेल्या पेन्शनचा हप्ता तुमच्या पेन्शनमधून कापला जात नाही. बऱ्याच जणींना उगाच ती धास्ती असते. जन्मतारखांचे पुरावे आणि दोघांचा एकत्र फोटो त्याच फाईलला ठेवा. हे वाचणाऱ्या ज्या कुणी पोलिसाच्या, शिक्षकाच्या, तलाठ्याच्या घरच्या असतील, त्यांनीही ही फाईल या आठवड्यात बघावी.

आता तुमच्या तक्रारींकडे. यातली १५ हजारांची मला सगळ्यात गंभीर वाटते. माणूस अडचणीत होता, मन मोठं केलं, ठीक. पण सचिवानं स्वतःच्या खिशातून दिलं की पुढच्या वेळी लोक त्यालाच मागतात आणि संघटनेकडं मदतीची पद्धत कधी तयारच होत नाही. मदत संघटनेच्या निधीतून, कमिटीच्या ठरावानं, पावती करून आणि शक्यतो थेट दवाखान्याच्या बिलापोटी जावी. नोकरीत असताना आजारपणाला खात्याचा जो आधार असतो तो निवृत्तीनंतर तसा राहत नाही, म्हणून हा निधी गरजेचाच आहे. ज्यांची सत्तरी उलटलीय त्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४पासून. आपल्या सगळ्या सत्तरीपुढच्या सभासदांची ही कार्डं झालीत का, हे यजमानांना विचारा. झाली नसतील तर आणखी एका शालीच्या खर्चापेक्षा हे काम आधी व्हायला हवं.

पैशाचं आणखी एक. त्यांची संघटना नोंदणीकृत आहे का? संस्था नोंदणीचा १८६०चा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५०चा कायदा, या दोन्हींखाली नोंद असेल तर दरवर्षी हिशोब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात आणि पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज करावा लागतो. सही सचिवाची असते. आधीच्या सचिवानं केलेल्या घोळावर तुमच्या यजमानांनी न वाचता सही केलेली असू नये. ३५ वर्षांच्या नोकरीत डाग लागू दिला नाही, तो चहापाण्याच्या व्हाउचरवरून लागायला नको. हे तुम्ही बोललात तर ते ऐकतील. पोलिसाला कागदाची भीती सांगितली की पटते.

राजकारणाबद्दल तुम्हाला वाटणारी काळजीही खोटी नाही. निवडणूक आली की निवृत्त पोलिसांच्या संघटनेला व्यासपीठावर बसवायला सगळेच येतात. त्याहून वाईट म्हणजे ओळखीपाळखीचे लोक येतात, "साहेब, तुमचा चेला त्या ठाण्यात आहे, जरा फोन करा" म्हणून. तिथं ठाम नाही म्हणायला हवं. एकदा फोन गेला की संघटना दलालीची जागा होते आणि ज्या विधवेचं खरं काम असतं तिचा फोनही मग कुणी उचलत नाही. तुमचे यजमान याबाबतीत कसे आहेत ते तुम्हीच ओळखता. असा एकही फोन ते करत असतील, तर मात्र राजीनाम्याचा हट्ट धरा. तेव्हा मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

नसतील, तर भांडण वेळेपुरतं उरतं. "तुम्हाला माझ्यासाठी वेळच नाही" याला पोलिसाकडं उत्तर तयार असतं, ३५ वर्षांच्या सवयीचं. त्यापेक्षा त्यांच्याच भाषेत मागा. ड्युटीचा तक्ता मागा. साप्ताहिक सुट्टी मागा, सोमवारची, जी नोकरीत कागदावर होती आणि हातात क्वचितच पडली. सोमवारी फोन सहसचिवाकडं, सकाळी दोघं मिळून सिद्धेश्वरांचं दर्शन, संध्याकाळी संभाजी तलावाला फेरी. रोजचा फोन सकाळी नऊनंतर, आणि त्याआधी गोळी. तीन वाजता जेवणं बीपीच्या माणसाला परवडत नाही, दीडला घरी यायचं. सहसचिव नसेल तर नुकत्याच निवृत्त झालेल्या एखाद्याला हाताशी धरून त्याला सगळं शिकवायचं. कुठलं काम कुठल्या खिडकीवर आणि सोबत काय जोडायचं, हे वहीत लिहून ठेवायचं. आपल्यावाचून अडतं, याचं सुख मोठं असतं. पण ज्या संघटनेचं काम एका पिशवीत मावतं, ती त्या माणसाबरोबरच आजारी पडते. सचिवपदाची मुदत संपली की पुन्हा उभं राहायचं नाही, हेही आत्ताच दोघांत ठरवून टाका. मुदतीच्या मध्येच राजीनामा मागितलात तर घरात बसलेला माणूस मिळेल, पण तो तुमच्याशी बोलेलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

"तिथं मला अजून साहेब म्हणतात" हे वाक्य तुम्हाला लागलं, ते मला पत्रात जाणवलं. त्याकडे जरा मायेनं बघा. कॉन्स्टेबल म्हणून लागलेल्या माणसाला खांद्यावर स्टार मिळाला तो शेवटच्या काही वर्षांत. साहेब ऐकायला त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली आणि ऐकायला लागले तोवर निवृत्तीचा आदेश आला. एका रात्रीत बक्कल नंबर गेला, रिझर्व्हचा फोन थांबला, गणपतीला कुणी पॉइंट दिला नाही. तुम्हाला जो निवांतपणा वाटला, तो त्यांना पहिल्या वर्षी कसा गेला, हे कधी विचारलंत का? विचारा. आणि विचारल्यावर लगेच त्यांच्या तोंडचं उत्तर तुम्ही देऊ नका, थोडा वेळ थांबा.

शेवटचं मागणं, पटलं तरच. महिन्यातून एकदा संघटनेत जा, चहा द्यायला नव्हे, खुर्चीत बसायला. पोलिसांच्या बायका अशा बैठकांना सहसा येत नाहीत आणि विधवा तर दारातूनच कागद देऊन परत जातात. पुरुषांसमोर त्यांना बोलता येत नाही. तुम्ही तिथं असलात तर त्या तुमच्याशी बोलतील. पोलीस लाईनमध्ये इतकी वर्षं काढलीत, कोण कुणाची सून आणि कुणाचं काय चाललंय हे तुम्हाला तुमच्या यजमानांपेक्षा जास्त माहीत असणार. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायचे असतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मोबाईलवर जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करून देणं, हे काम तुम्ही एका दुपारी शिकाल. नको वाटलं तर नका करू. तुमचाही वेळ तुमचा आहे, आणि सगळ्या जन्मात तो तुम्हाला फार कमी मिळालाय.

गाणगापूरचं मात्र आता त्यांच्यावर सोडू नका. गाणगापूर रोडची रेल्वेची तिकिटं तुम्हीच काढा आणि मग तारीख सांगा. तारीख धरताना नोव्हेंबर टाळा, त्या महिन्यात त्यांच्यामागं दाखल्यांची रांग असेल. डिसेंबरात दत्तजयंतीची गर्दी असते. ऑक्टोबर बरा, फक्त २१ तारीख सोडून. त्या दिवशी पोलीस स्मृतिदिन असतो, मुख्यालयात मानवंदना असते. त्यांना जाऊ द्या, आणि या वर्षी तुम्हीही सोबत जा.

आणि जानेवारीत भोगीच्या दिवशी त्यांची ड्युटी तुमच्याजवळ लावा. संमती कट्ट्यासमोर, दोराच्या अलीकडे, हातात अक्षता घेऊन.

तुमची,
ताई